झाकला दगड

‘लोकांचं म्हंजे कुणाचं ओ भावजी?’ वैनीनं विचारलं, आणि मी हातातला कागद खाली घेतला.

गोठ्यात होतो आम्ही. ती कुट्टीच्या मशीनचं चाक फिरवत होती आणि मी कडब्याच्या पेंढीवर बसून जोरजोरात वाचत होतो, लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य. अरे, या एका ओळीवर मी कॉलेजात वक्तृत्वाची ढाल आणली होती. हात असा हळूहळू वर न्यायचा, तिसऱ्या ‘लोकां’ला मूठ आवळायची, की टाळ्या ठरलेल्या. आणि ही बाई चाक थांबवून विचारते, कुणाचं?

‘लोकांचं म्हणजे लोकांचं,’ मी म्हटलं. ‘जनतेचं.’

‘मग जनतेचं म्हणा की. परवा गौरीनं लोकांच्या झाडाच्या चिंचा पाडल्या म्हणून मी तिला रट्टा दिला. लोकांचं म्हंजे जे आपलं न्हाई ते. तुमचा अमेरिकेचा राष्ट्रपती म्हणतोय, राज्य लोकांचं, चालवणार लोक, आन चालवणार लोकांसाठी. खरं बोललाय गडी. आपल्या गावात दुसरं काय चाललंय?’

आणि हसत हसत परत चाक फिरवायला लागली.

थांब शिरीष, मधे बोलू नकोस. भाषणानं कधी काय झालंय का, असं मघाशी तूच म्हणालास ना? म्हणून तर सांगतोय. आता पुरतं ऐक.

आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, गाव पलीकडं. हायस्कूल गावात, दवाखाना गावात, एसटी गावात. वस्तीवर काय, तर चौथीपर्यंतची शाळा आणि एक पिंपरणीचं झाड. जून लागला की ओढ्याला पाणी, ते थेट दिवाळीपर्यंत. पोरं कपडे डोक्यावर बांधून, पोहत-बिहत जायची. पोरींना कोण पाठवतंय? चौथी झाली की पोरगी घरी, हा आमच्या वस्तीचा कायदाच होता. माझी बहीण तशीच बसली, आत्याच्या दोघी तशाच बसल्या, आणि ज्या साली हे घडलं त्या साली गौरी चौथीत होती.

गौरी म्हणजे वैजयंतावैनीची मुलगी. आणि वैनी म्हणजे माझा चुलतभाऊ जालिंदरदादा, त्याची बायको. दादा फौजेत हवालदार होता. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा गणवेश घालून ग्रामसभेत उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या पोरींसाठी ओढ्यावर पूल पायजे. आमदाराकडं गेला, तालुक्याला गेला, सुट्टी सगळी त्यातच घालवली आणि पूल मंजूर करूनच परत गेला. जाताना स्टँडवर म्हणाला, पुढच्या सुट्टीला मी पुलावरनंच घरी येणार. सगळे हसले होते.

त्याच पावसाळ्यात सीमेवरच्या गोळीबारात दादा गेला.

मग काय झालं ऐका. आमचे सरपंच विलासआण्णा. ग्रामसभेत उठले, म्हणाले, पूल काय, आज ना उद्या होईल, आधी आपल्या शहिदाचं स्मारक झालं पाहिजे. पुलासाठी आलाय तो निधी त्याला लावू. हात वर करा. सगळ्यांचे हात वर. वस्तीचे पण. माझ्या वडलांनी पण केला. नाही म्हणणार कोण, सांगा मला? शहिदाच्या दगडाला नको म्हणायचं, तेही त्याच्याच भावकीनं? जीभ झडली असती. पूल गेला आणि एसटी स्टँडजवळ चौथरा उभा राहिला. वर काळाभोर दगड, भोवती साखळ्या आणि साखळ्यांना लोखंडी खांब. सव्वीस जानेवारीला उद्घाटन.

मी तेव्हा एफवायला. एकोणीस वर्षांचा, आणि तोंडाचा पट्टा हा असाच. आण्णांनी मला बोलावलं आणि सांगितलं, तू भाषणवाला आहेस, वैजयंताला दोन मिनिटांचं लिहून दे. आभार मानायचे, डोळ्याला पदर लावायचा, दोरी ओढायची, बस. पक्षाचे मोठे साहेब येणारेत, त्यांना वेळ नाही. आणि जाता जाता हळूच, तिला म्हणावं अंगणवाडीतली सेविकेची जागा तुझीच आहे, काळजी करू नको. म्हणजे धमकी नाही, बरं का. नुसती आठवण.

दोन मिनिटं हा शब्द माझ्या कानात पडला आणि मी तसाच पळत सुटलो, ओढा ओलांडून थेट गोठ्यात. वैनी, मी म्हटलं, जगातलं सगळ्यात भारी भाषण दोन मिनिटांचंच आहे.

तिला म्हशीची पडली होती. पण मी सोडतोय का. म्हटलं, अमेरिकेत लढाई चालली होती. गेटिसबर्ग नावाचं एक गाव, त्या गावाबाहेर हजारो माणसं मेली, तिथंच मातीत गेली. त्या जागेला स्मशान म्हणून अर्पण करायचं ठरलं. सोहळा ठेवला, एक मोठा विद्वान वक्ता बोलावला, तो दोन तास बोलला. मग राष्ट्रपती उठला. लिंकन. दोनेक मिनिटं बोलला आणि बसला. माणसं अजून नीट टेकली पण नव्हती म्हणतात.

‘लढाई कुणासंगं?’ वैनीनं विचारलं.

‘आपापसातच. माणसाला गुलाम ठेवायचं का नाही, यावरनं देश फुटला होता.’

‘मग दुसऱ्या बाजूला लई शिव्या दिल्या असतील.’

‘एक पण नाही.’

‘गेलेल्यांची नावं घेतली असतील.’

‘एक पण नाही.’

चाक थांबलं. ‘मग दोन मिनिटं बोलला तरी काय?’

मी पाठ केलेलं सगळं विसरलो, खरं सांगतो. साधंच सांगितलं. म्हटलं, तो म्हणाला की आपण ही जमीन पवित्र करायला आलोय, पण ते आपल्या हातात नाही. जे इथं लढले त्यांनीच ती केलीय, आपण त्यात काय भर घालणार. आपण इथं काय बोललो ते कुणाच्या ध्यानात राहणार नाही. त्यांचं काम अर्ध्यावर राहिलंय, आणि ते पुरं करायचं आता आपल्यावर आलंय.

 म्हशीनं दावणीत तोंड घालून रिकामंच हुंगलं.

‘परत सांगा,’ ती म्हणाली. ‘शेवटचं तेवढं.’

मी परत सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. मग मला ऊत आला आणि मी कागद काढून ते माझं ढालवालं मराठी सुरू केलं. या रणभूमीला पावन करण्यास आम्ही असमर्थ आहोत, वगैरे. तर तिनं हात वर केला.

‘आम्ही कोण?’

‘म्हणजे तो, आणि समोर बसलेले सगळे.’

‘मग आम्ही कशाला म्हणताय? आम्ही म्हटलं की ऐकणारा सुटला, तो आपला बाजूला बसून बघायला मोकळा. आपण म्हणा. आपण म्हटलं की कुणाला पळता येत न्हाई.’

अरे, मी वर्षभर ते भाषण ठोकत फिरत होतो, आणि त्यातला ‘आपण’ कधी माझ्या डोक्यातच आला नव्हता. वैनी बारावी झालेली, हुशार होती, कॉलेजला जायचं होतं पण लग्न झालं. आम्ही दोघांनी मग ते भाषण पार उलगडलं. शब्द न शब्द. ती वैरण टाकायची, मी सांगायचो, ती एखादा शब्द उचलून वास घेतल्यासारखा बघायची आणि टाकून द्यायची. आणि त्यातच मी शेवटची ओळ वाचली, आणि तिनं विचारलं, लोकांचं म्हंजे कुणाचं. ते तुम्ही ऐकलंत.

आण्णांना दाखवायला एक वेगळा कागद केला. आभाराचा. आण्णा खूश झाले, वाचून त्यांचेच डोळे भरले, म्हणाले, पदर कुठं लावायचा ती जागा लाल पेनानं दाखव.

‘पण तुम्ही बोलणार काय?’ मी आदल्या दिवशी वैनीला विचारलं.

‘बघू. दोरीला हात लागल्यावर सुचंल.’

‘आणि अंगणवाडी?’

ती गौरीची वेणी घालत होती, ती पुरी केली, रिबनीची गाठ मारली, पोरीला ढकललं आणि म्हणाली, ‘भावजी, तुमच्या त्या राष्ट्रपतीला दोन मिनिटं बोलून काय मिळालं हुतं?’

काय मिळालं ते मला माहीत होतं, दीड वर्षाच्या आत गोळी, आणि मी सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारी. मांडव, गुलाबी कापडं, शाळेची पोरं उन्हात रांगेत. साहेब दुपार करून आले. आण्णा बोलले. आणि काय सांगू, माझीच ओळ मारली त्यांनी, आभाराच्या कागदातनं उचललेली, की हे लोकांचं राज्य आहे, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं. मी वैनीकडं बघितलं, ती खाली मान घालून बसलेली, ओठ दाबलेले. मग साहेब. साहेब एवढं बोलले, एवढं बोलले, की मांडवाची सावली सरकून पुढच्या रांगेच्या अंगावर आली आणि तिथनं पण पुढं गेली. शौर्य, बलिदान, मातृभूमी, आमच्या पक्षाचं धोरण. दादाचं नाव दोनदा चुकवलं. जनार्दन म्हणाले. दादाचे वडील, तात्या, पहिल्या रांगेत काठी धरून बसले होते. दोन्ही वेळा त्यांनी मान वर करून बघितलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटलं असेल.

मग वैनीला बोलावलं. तिच्या एका हातात पितळी ताट, त्यात नारळ. ते तिनं तात्यांच्या मांडीवर ठेवलं आणि माईक धरला. आभाराचा कागद घडी करून कमरेला खोचला.

‘आण्णांनी मला दोन मिनिटं दिलीत,’ ती म्हणाली. ‘जास्त घेत न्हाई. आण्णा म्हणाले, राज्य लोकांचं हाय. खरं हाय ते. लोकांचंच हाय. निधी लोकांचा, चौथरा लोकांचा, दगड लोकांचा. माझी पोरगी तेवढी माझी.’

मागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं.

‘गौरीच्या पप्पांना आणलं तवा ओढ्याला छातीएवढं पाणी हुतं. फौजेतली पोरं पेटी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरली. कुठली कुठली पोरं, आपली भाषा पण येत नव्हती त्यांना. मधी एकाचा पाय सरकला. पेटी कलली, झेंडा भिजला. अल्याड मी उभी हुते, पल्याड तुम्ही सगळे हुता. सगळ्यांनी बघितलंय. त्यांनी सांगितलं हुतं, पुढच्या सुट्टीला पुलावरनं येणार.’

 मांडवाचं कापड तेवढं फडफडत होतं.

‘आज आपण ह्यो दगड पवित्र करायला आलो. मी बी आले. पण आपल्या नारळानं काय तो पवित्र व्हायचा न्हाई. ज्यांनी करायचा त्यांनी केला. आपल्यावर फकस्त त्यांचं राहिलेलं काम हाय. आपल्यावर म्हणतीय मी, माझ्यावर, आण्णांवर, सायबांवर, आन ज्यांनी ज्यांनी हात वर केलता त्यांच्यावर. ते काम झालं की मी दोरी वडते. तवर ह्यो झाकलेला राहू द्या.’

आणि चालत गेली चौथऱ्याकडं. दोरी धरली. साखळीच्या लोखंडी खांबाला तिचे वेढे दिले, दावं बांधताना मारतात तशी गाठ मारली आणि शेवटी दात लावून आवळली.

आता इथं गंमत बघा. शाळेच्या पीटीच्या सरांना सांगून ठेवलेलं, दोरी हलली की राष्ट्रगीत. सर लांब उभे, स्पीकर घोगरा, त्यांना भाषण ऐकू आलंच नव्हतं. त्यांनी दोरी हललेली बघितली आणि हात केला. शंभरेक पोरांनी एका सुरात राष्ट्रगीत सुरू केलं. आण्णा पायरी उतरून वैनीकडं निघाले होते, ते एक पाय वर, एक पाय खाली असे ताठ झाले. साहेब उठून ताठ. फौजदार ताठ. सगळं गाव सावधान होऊन त्या झाकलेल्या दगडाकडं तोंड करून उभं. मधे कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि वैनी दोरीशेजारी उभी, मान वर, पदर खांद्यावर.



राष्ट्रगीत संपलं तसे आण्णा तिच्याजवळ गेले. आवाज दाबून म्हणाले, ‘वैजयंता, साहेब थांबलेत.’

‘बसू द्या की,’ ती म्हणाली. ‘गौरी आत्ता चौथीत हाय. जूनपतोर येळ हाय.’

टाळ्या? एक पण नाही पडली. माणसं चपला शोधत निघून गेली. तात्यांनी तेवढं ताट खाली ठेवलं, नारळ उचलून बगलेत घातला आणि आण्णांना म्हणाले, ‘ह्यो आमच्यात असू दे. पुलाच्या कामाला लागंल.’ दिवसभरात तेवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी आण्णा चार जणांना घेऊन वस्तीवर आले. दोरी मीच कापतो म्हणाले. वैनीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली कापा की, शहिदाच्या बायकोनं मारलेली गाठ सरपंचांनी कापली एवढा फोटो निघेल, ते बघा. आण्णा चहा तसाच ठेवून गेले. जाताना माझ्या वडलांना ऐकवलं, पोरगं लई शिकवू नका.  पण बाजारच्या दिवशी मी बघितलं, वडील चौथऱ्यापाशी थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि गाठ हातानं आणखी थोडी आवळून पुढं गेले. नंतर कळलं, हे सगळेच करायला लागले होते. वस्तीवरचं माणूस गावात आलं की जाताना गाठ आवळून जायचं. बायका तर पिशवी खाली ठेवून, दोन्ही हातांनी.

अंगणवाडीची जागा लोकांना मिळाली. म्हणजे कळलं ना, लोकांना.

जून आला, पूल काही आला नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी वैनीनं गौरीला खांद्यावर घेतलं, दप्तर डोक्यावर, आणि पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी उतरल्या आपापल्या पोरी घेऊन. आठवड्यात पाण्यात बायकांची रांगच लागायला लागली, दोर धरून, एकीनं दुसरीकडं पोर द्यायची. आणि तिकडं एसटीचे कंडक्टर. आमच्या स्टॉपचं नाव त्यांनी बदलूनच टाकलं. ‘चला, झाकला दगड, झाकला दगडवाले उतरा.’ मग बाहेरगावचं कुणीतरी विचारणारच, झाकला का? की कंडक्टर पुढच्या स्टॉपपर्यंत सगळं सांगायचा. तिकडून पेपरवाले आले. साहेबांची गाडी त्याच रस्त्यानं जायची, आणि ते कापड उन्हानं विटत चाललेलं, कडेला चिरत चाललेलं, सगळ्या तालुक्याला दिसत होतं. साहेब एकदा म्हणे काच वर करून गेले. पण किती वेळा काच वर करणार?

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर खडी पडली. गौरी सातवीत जायच्या आत पूल झाला.

उद्घाटनाला वैनीनं कुणालाच बोलावलं नाही. म्हणजे सगळ्यांनाच बोलावलं, पण खुर्च्या नव्हत्या. आधी चौथऱ्याकडं गेलो. गाठ काही सुटेना. दोन पावसाळे खाल्लेली आणि गावभरानं आवळलेली, ती कसली सुटतेय. तात्यांनी शेवटी खुरपं घातलं. वैनी म्हणाली, दोरी मी एकटी वडणार न्हाई. मग सगळ्यांनी हात लावला. आण्णा पण आले होते, मागं उभे होते. तिनंच हाक मारली, ‘या की आण्णा, आपण वडू.’ आले. कापड फरफर फाटतच खाली आलं.

आत दगडावर दादाचं नाव. आणि त्याच्या खाली, त्याच्याहून मोठ्या अक्षरात, साहेबांचं नाव, यांच्या शुभहस्ते, आणि तारीख ती जुनीच, सव्वीस जानेवारीची. जे झालंच नाही त्याची. गवंडी पलीकडंच होता, म्हणाला, वैनी, छिन्नी आणतो, पाच मिनिटांत उडवतो. आण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं.

वैनीनं दादाच्या नावावरनं हात फिरवला. खालच्या ओळीकडं बघितलं.

‘असू द्या,’ म्हणाली. ‘ते लोकांचं हाय.’

आणि गौरीला घेऊन पुलाकडं चालायला लागली.

पुलाच्या मधोमध तात्यांनी तो नारळ फोडला. तो आता कसला नारळ राहिलाय, उतरंडीवर ठेवून ठेवून आत गोटा झाला होता, हलवला की खुळखुळायचा. पाणी निघालं नाही. पण खोबरं, काय सांगू तुम्हाला, तेल सुटलेलं, गोड. एवढे एवढे तुकडे केले आणि पुलावर उभं राहून आपण सगळ्यांनी खाल्लं.

काय रे शिरीष?

‘आपण काय? आम्ही कुठं होतो तिथं?’

एवढं ऐकलंस ना माझं? मग संपलं. आता पळता येत नाही.